कमावलेलं अढळपद : ‘ध्रुव’ या नावाचं रसग्रहण

ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पायथ्याशी, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात एक अणुभट्टी आहे. तिचं नाव ध्रुव. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये तयार होणारं आणि तिन्ही सेनादलं व तटरक्षक दल वापरतात ते हेलिकॉप्टरही ध्रुव. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डने बांधलेलं, क्षेपणास्त्रांचा माग काढणारं नौदलाचं जहाज ध्रुव. कोचीच्या नौदल तळावर नौसैनिकांना सराव देणारं सिम्युलेटर संकुल ध्रुव. आणि हेलिकॉप्टरवरून शत्रूच्या रणगाड्यावर सोडायचं एक क्षेपणास्त्र, त्याचं नाव ध्रुवास्त्र.

एकच नाव अनेकांना मिळणं सेनादलांना नवं नाही. नौदलात तर निवृत्त जहाजाचं नाव नव्या जहाजाला देण्याची परंपराच आहे. १९६१ साली दाखल झालेली विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली आणि २०२२ साली त्याच नावाची नवी विमानवाहू नौका समुद्रावर आली. माझगाव गोदीत बांधलेली आणि २०१९ साली मुंबईत नौदलात दाखल झालेली खांदेरी ही पाणबुडी आपलं नाव जुन्या, १९६८ सालच्या पाणबुडीकडून घेते आणि त्या पाणबुडीमार्फत थळसमोरच्या शिवकालीन जलदुर्गाकडून. तिथे नाव एका पिढीकडून दुसरीकडे वारशाने जातं. ध्रुवचं तसं नाही. एकमेकांशी नातं नसलेल्या, वेगवेगळ्या संस्थांनी वेगवेगळ्या कामांसाठी घडवलेल्या गोष्टींवर ते एकाच काळात नांदतं आहे. म्हणून ते एखाद्या कवितेसारखं वाचावंसं वाटतं. जे ढळत नाही त्याचं नाव अशा यंत्रांना का शोभावं, ज्यांतलं एकही क्षणभर स्वस्थ बसत नाही?

माझं म्हणणं असं की हे नाव तिथे शोभतं, आणि ते का शोभतं हे मूळ कथा नीट वाचली की कळतं. ध्रुवाचं अढळपद जन्माने मिळालेलं नाही. ते कमावलेलं आहे, आणि कमावलेली स्थिरता दर क्षणी पुन्हा कमवावी लागते. या नावाच्या प्रत्येक यंत्राच्या पोटात नेमकी हीच गोष्ट चालू असते.

आधी कथा. भागवताच्या चौथ्या स्कंधातली ही गोष्ट मराठी घरांत लहानपणापासून सांगितली जाते. उत्तानपाद राजाला दोन राण्या, सुनीती आणि सुरुची. सुरुचीचा उत्तम बापाच्या मांडीवर बसलेला असतो. पाच वर्षांचा ध्रुवही तिथे चढू पाहतो, तेव्हा सुरुची त्याला हिणवते : या मांडीवर बसायचं असेल तर तप कर आणि माझ्या पोटी जन्म घे. राजा गप्प राहतो. ध्रुव रडत आईकडे जातो, आई त्याला नारायणाचा आश्रय घ्यायला सांगते आणि पोर घर सोडतं. वाटेत नारद आधी त्याची समजूत घालून परत पाठवू पाहतात. तो बधत नाही, तेव्हा मंत्र देतात. यमुनेकाठच्या मधुवनात ध्रुव तपाला बसतो.

या तपाचं वर्णन करताना भागवतकार महिन्यांचा हिशेब देतात. पहिल्या महिन्यात दर तिसऱ्या दिवशी फळं, दुसऱ्यात दर सहाव्या दिवशी गवत-पाचोळा, तिसऱ्यात दर नवव्या दिवशी फक्त पाणी, चौथ्यात दर बाराव्या दिवशी फक्त वारा. पाचव्या महिन्यात श्वास रोखून एका पायावर उभं राहणं. मुलगा पायरीपायरीने स्वतःला थांबवत नेतो आहे. आणि तो पुरता थांबतो तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडते. त्याच्या अंगठ्याखाली पृथ्वी कलते. भागवतकार म्हणतात, हत्ती चढलेली होडी त्याच्या पावलागणिक डावी-उजवीकडे कलावी तशी. स्थिर कोण आणि हलणारं कोण, याची अदलाबदल या एका प्रतिमेत होते. अचल म्हणवणारी धरणी पाण्यावर डुलते आणि चंचल म्हणवणारं पोर निश्चल उभं असतं.

पुढे वर मिळतो तोही ध्यानात घेण्यासारखा आहे. ध्रुवाला मिळालेलं स्थान इतरांपासून दूर, एकांतातलं नाही. ग्रह, नक्षत्रं, सप्तर्षी सगळे त्याच्याभोवती फिरतात. इथे भागवतात खळ्याची प्रतिमा येते : मधोमध खांब रोवलेला आणि त्याला बांधलेले बैल भोवती फिरत मळणी करतायत. आपल्याकडे त्या खांबाला तिवडा म्हणतात. तिवड्याचं मोल तो स्वतः हलत नाही एवढ्यावरच ठरत नाही. त्याच्या आधाराने बैल फिरतात आणि धान्य मोकळं होतं, म्हणून तो मोलाचा. म्हणजे कथेने नावात दोन अर्थ भरले : ही स्थिरता कष्टाने मिळवलेली आहे, आणि ती दुसऱ्यांच्या गतीसाठी आहे. हे दोन अर्थ हाताशी धरून आता ट्रॉम्बेला यायचं.

ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांची नावं ओळीने वाचली तर त्यांत एक आलेख दिसतो. पहिली अप्सरा. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली आणि २० जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंनी तिचं नाव ठेवलं. नव्या विद्येकडे सौंदर्य म्हणून पाहण्याचा तो काळ होता. मग १९६० साली कॅनडाच्या सहकार्याने उभी राहिलेली सायरस. तिच्या नावात कॅनडा, भारत आणि जड पाणी पुरवणारी अमेरिका अशा तीन देशांची आद्याक्षरं आहेत. मग झर्लिना, तीही आद्याक्षरांचीच. १९७२ सालची पूर्णिमा हे नाव आद्याक्षरांतूनच जुळवलेलं असलं तरी ऐकताना आकाशातला चंद्र दिसतो. आणि १९८५ साली ध्रुव. बांधणीच्या काळात तिला आर-५ म्हणत. नाव द्यायची वेळ आली तेव्हा कुणा देशाचा उल्लेख आला नाही की आद्याक्षरांची जुळवाजुळव झाली नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर बाहेरचं सहकार्य आटलं होतं. ही भट्टी इथल्याच माणसांनी आखली आणि बांधली. अनिल काकोडकरांचा तिच्या रचनेत आणि उभारणीत मोठा वाटा होता. घरातून उठवलेल्या आणि आपल्या बळावर जागा मिळवणाऱ्या मुलाचं नाव या भट्टीला मिळावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

८ ऑगस्ट १९८५ रोजी ध्रुव पहिल्यांदा क्रांतिक झाली. या अवस्थेबद्दल सर्वसाधारण समज असा की काहीतरी भडकलं, पेटलं. प्रत्यक्षात क्रांतिक अवस्था म्हणजे तोल. युरेनियमचा एक अणू फुटला की सरासरी दोनाहून थोडे अधिक न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतले काही निसटतात, काही इतर द्रव्यांत शोषले जातात. उरलेल्यांपैकी नेमक्या एकाने पुढचा अणू फोडला तर साखळी तेवढीच राहते. एकापेक्षा जास्त झालं तर ती वाढत जाते, कमी झालं तर विझते. दर सेकंदाला असंख्य अणू फुटत असतात आणि तरीही एका पिढीतल्या न्यूट्रॉनांची संख्या मागच्या पिढीइतकीच राहते. आत इतकी धावपळ आणि बाहेर काटा स्थिर.

हा तोल माणसाला सांभाळता येतो यामागे निसर्गाची एक कृपा आहे. बहुतेक न्यूट्रॉन अणू फुटताक्षणीच बाहेर येतात. पण शेकडा एकाहूनही कमी असे काही, काही सेकंद ते मिनिटभर रेंगाळून येतात. त्या थोड्या उशिरा येणाऱ्यांमुळेच भट्टीचा वेग इतका मंदावतो की तिला लगाम घालता येतो. ध्रुवमध्ये नैसर्गिक युरेनियमच्या इंधनाभोवती जड पाणी असतं. त्याची पातळी कमी-जास्त करून शक्ती राखली जाते आणि भट्टी तातडीने थांबवायची झाली तर कॅडमियमच्या दांड्या खाली पडतात. पाण्याची पातळी राखणं, उष्णता काढून नेणं, मोजमाप घेत राहणं हे अखंड चालतं तेव्हा ती ‘स्थिर’ असते. मधुवनातल्या तपासारखीच ही स्थिरता रोज नव्याने बसवावी लागते.

ध्रुव सुरुवातीला स्थिर नव्हती, हा तिच्या चरित्रातला सर्वांत हृद्य भाग आहे. शीतलकाच्या जोरदार प्रवाहात इंधनाच्या जुड्या थरथरू लागल्या. त्या थरथरीने ॲल्युमिनियमचं आवरण झिजून त्याचे कण जड पाण्यात उतरत आणि पाणी गढूळ होई. ध्रुव नावाची भट्टी, आणि तिचा दोष काय, तर कंप! अभियंत्यांनी जुड्यांच्या रचनेत बदल केले, त्या जागच्या जागी घट्ट बसतील अशी योजना केली आणि जानेवारी १९८८ मध्ये ध्रुव आपल्या पूर्ण शक्तीला, १०० मेगावॉटला पोचली. नाव १९८५ साली मिळालं होतं. त्या नावाला पात्र व्हायला आणखी अडीच वर्षं लागली. कथेतल्या पाच महिन्यांच्या पायऱ्या इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

तिवड्याचा अर्थही ट्रॉम्बेत सापडतो. ध्रुवच्या न्यूट्रॉन झोतांवर देशभरच्या विद्यापीठांतले संशोधक पदार्थांची अंतर्रचना तपासतात. तिच्यात वैद्यकीय समस्थानिकं तयार होतात. थायरॉइडच्या आजारांत वापरतात ते आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. शरीराच्या आतल्या तपासण्यांसाठी लागणारं मॉलिब्डेनम-९९ सुमारे ६६ तासांत. साठवून ठेवता येईल असा हा माल नव्हे. भट्टी सातत्याने चालत राहिली तरच रुग्णालयापर्यंत औषध पोचतं. ट्रॉम्बेत एक गोष्ट स्थिर चालते म्हणून कुठल्यातरी गावातल्या रुग्णाची तपासणी होते, उपचार होतात.

आता हेलिकॉप्टर. ध्रुवने २० ऑगस्ट १९९२ रोजी पहिलं उड्डाण केलं आणि २००२ पासून ते सेनादलांत दाखल होऊ लागलं. विमानाला हवेत राहायचं तर पुढे जात राहावं लागतं. हवेत एका जागी थांबणं हे हेलिकॉप्टरचं वैशिष्ट्य. पण त्या थांबण्यात विसावा नसतो. डोक्यावर चार पाती फिरत असतात, शेपटीचा पंखा यंत्राला गरगरण्यापासून आवरत असतो, वाऱ्याच्या प्रत्येक झोताला वैमानिकाचे हातपाय उत्तर देत असतात. इथेही शत्रू तोच, कंप. पात्यांची थरथर प्रवाशांपर्यंत आणि उपकरणांपर्यंत पोचू नये म्हणून ध्रुवमध्ये गिअरबॉक्स आणि धड यांच्यामध्ये कंप शोषणारी खास योजना आहे. ट्रॉम्बेच्या अभियंत्यांनी आणि बंगळूरच्या अभियंत्यांनी वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या द्रव्यांशी झुंजत एकच प्रश्न सोडवला : हलणाऱ्यात न हलणारं कसं राखायचं. २०१३ च्या जूनमध्ये उत्तराखंडच्या महापुरात अडकलेल्यांना ध्रुव हेलिकॉप्टरांनी उचलून आणलं, ते या कौशल्याच्या जोरावर. रस्ता वाहून गेलेल्या डोंगरकड्यावर उतरायला जागा नसते. तिथे थांबता येणं हेच जीवदान असतं.

भागवतातल्या ध्रुवाचा शेवटही या यंत्राजवळ येतो. त्याला न्यायला विमान येतं तेव्हा मृत्यू समोर उभा राहतो आणि ध्रुव त्याच्या मस्तकावर पाय ठेवून विमानात चढतो. चढताना त्याला आई आठवते : तिला मागे टाकून मी कसा जाऊ? पाहतो तर सुनीती दुसऱ्या विमानातून पुढे चाललेली असते. कुणाला मागे न सोडण्याची ही ओढ बचावकार्याला निघालेल्या हेलिकॉप्टरच्या नावात असावी, याहून अधिक काय हवं?

पण मृत्यूच्या मस्तकावर प्रत्येक वेळी पाय पडतोच असं नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघांनी प्राण गमावले आणि देशभरातला ध्रुवांचा ताफा तपासणीसाठी जमिनीवर थांबवण्यात आला. हे सांगितल्याशिवाय रसग्रहण खरं होणार नाही. नावाने यंत्राला कवच मिळत नाही. नावाने घडवणाऱ्यांवर जबाबदारी येते, आणि थांबून दोष शोधणं हा त्या जबाबदारीचाच भाग आहे.

जहाजाचं वाचन वेगळं. आयएनएस ध्रुव १० सप्टेंबर २०२१ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालं. सुमारे १७५ मीटर लांबीचं हे जहाज डीआरडीओ आणि राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना यांच्या सहकार्याने उभं राहिलं. त्याचं काम पाहण्याचं. दूरवरून उडालेल्या क्षेपणास्त्राचा मार्ग त्याच्या रडारना टिपायचा असतो. आता हलत्या गोष्टीचा मार्ग मोजायचा तर मोजणाऱ्याला स्वतःचा ठाव अचूक ठाऊक हवा. आणि जहाज तर लाटेवर डोलत असतं, कलत असतं, पुढे सरकत असतं. म्हणून प्रत्येक नोंदीतून जहाजाची स्वतःची हालचाल वजा करावी लागते. हत्ती चढलेल्या होडीची प्रतिमा इथे उलटून येते : होडी डुलतच राहणार, पण नजर डुलता कामा नये. आपल्या डुलण्याचा हिशेब ठेवून जे जगाचा मार्ग सांगतं, त्याला ध्रुव म्हणणं मला या सगळ्या नामकरणांतलं सर्वांत सूक्ष्म वाटतं.

ध्रुवास्त्रात हीच नजर हिंसेकडे वळते. हेलिना या क्षेपणास्त्राचं हवाई दलासाठीचं रूप म्हणजे ध्रुवास्त्र. ते ध्रुव हेलिकॉप्टरवरून आणि त्याच्याच सशस्त्र भावंडावरून, रुद्रवरून, सोडण्यासाठी आहे. त्याच्या टोकाला उष्णतेच्या किरणांत पाहणारा डोळा असतो. तो सुटण्याआधीच लक्ष्यावर खिळतो आणि मग वाटभर हटत नाही. मधुवनातली एकाग्रता इथे संहाराच्या कामी येते. कोचीचं सिम्युलेटर संकुल, जून २०२३ मध्ये सुरू झालेलं, या मालिकेत सर्वांत शांत : जमिनीवर पक्कं उभं राहून ते समुद्रावर जाणाऱ्यांना दिशा राखायला शिकवतं. तिवड्याचा अर्थ त्याने सरळ उचलला आहे.

आणि आकाशातला ध्रुव? उत्तरेला क्षितिजापासून तो जितके अंश वर दिसतो, तितकाच पाहणाऱ्याचा अक्षांश. ट्रॉम्बेच्या धक्क्यावरून तो सुमारे १९ अंशांवर, हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींच्या उंचीला. विशाखापट्टणमला त्याहून किंचित खाली, बंगळूरला १३ अंशांवर, कोचीला जेमतेम १०. एकाच ताऱ्याखाली प्रत्येक ध्रुवाची उंची वेगळी आहे. शिवाय हा ताराही पुरता अचल नाही. खऱ्या खगोलीय ध्रुवाभोवती तो रोज एक लहानसं वर्तुळ काढतो. पृथ्वीच्या आसाची भोवरी सुमारे २६ हजार वर्षांनी पुरी होते. पाच हजार वर्षांपूर्वी उत्तरेची खूण कालेय तारकासमूहातला ठुबान होता आणि सुमारे बारा हजार वर्षांनी तो मान अभिजितकडे जाईल. लग्नात सप्तपदीनंतर वधूवरांना ध्रुव दाखवतात, तेव्हा न हलणारी वस्तू दाखवली जात नाही. निष्ठेने राखायची जागा दाखवली जाते. ताऱ्याची ही किंचित हालचाल नावाचं मोल कमी करत नाही. कमावलेल्या स्थिरतेचा अर्थ तिने अधिकच उजळतो.

गोष्ट सांगणारे बहुधा इथे थांबतात. भागवत थांबत नाही, आणि ज्या नावाने शस्त्रं घडतात त्याच्या वाचकानेही थांबू नये. ध्रुव राजा होतो. पुढे शिकारीला गेलेला त्याचा सावत्र भाऊ उत्तम एका यक्षाच्या हातून मारला जातो. संतापलेला ध्रुव यक्षांच्या अलकानगरीवर चालून जातो आणि नारायणास्त्र जोडतो. एकाच्या अपराधासाठी असंख्य निरपराध मरू लागतात. तेव्हा त्याचा आजा स्वायंभुव मनू रणांगणावर येतो आणि नातवाला सांगतो : पुरे कर, हा क्रोध तुला शोभत नाही. आणि ध्रुव थांबतो. हातात अमोघ अस्त्र असताना, रागाला कारण असताना, विजय समोर असताना थांबतो. प्रसन्न झालेला कुबेर त्याला वर मागायला सांगतो, तेव्हा तो हरीचं अखंड स्मरण तेवढं मागतो.

ट्रॉम्बेची ध्रुव या प्रसंगाच्या सर्वांत जवळ आहे. तिच्यात औषधं तयार होतात, तसं शस्त्रांसाठी वापरता येणारं प्लुटोनियमही तयार होतं. २००६ साली भारताने आपले नागरी आणि सामरिक अणुप्रकल्प वेगळे केले तेव्हा ध्रुव नागरी यादीत घातली गेली नाही. शेजारची सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली आणि हा भार ध्रुवकडे राहिला. अण्वस्त्र आधी आपण वापरणार नाही, हे देशाने ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर केलेल्या धोरणात सांगितलं आहे. अस्त्र हाती असताना हात आवरून धरणं हेही एक तप आहे, आणि तेही एकदा करून संपत नाही. प्रत्येक पिढीला ते नव्याने करावं लागतं.

म्हणून या पाचांत नावाला सर्वांत पुरतं उतरणारं यंत्र कोणतं, असं विचारलं तर माझं उत्तर ट्रॉम्बेची अणुभट्टी हे आहे. हेलिकॉप्टरात नावाचं कौशल्य आहे, जहाजात नजर, ध्रुवास्त्रात एकाग्रता, सिम्युलेटरात शिकवण. भट्टीत संपूर्ण कथा आहे : डावललं जाणं, स्वबळाने जागा मिळवणं, थरथर जिंकणं, दुसऱ्यांच्या जगण्याला आधार होणं, आणि संहाराची ताकद हाती असताना मनूचं ऐकण्याची जबाबदारी. पुढे कुणी नव्या जहाजाला, विमानाला वा अस्त्राला ध्रुव म्हणायचं ठरवलं, तर त्याने मधुवनातल्या मुलाबरोबर अलकानगरीच्या रणातून परत फिरलेल्या राजाचंही स्मरण करावं. अढळपद त्या मुलाने मिळवलं. ते त्या राजाने राखलं.